जाते नव्हे, येते

कोपरखैरणे,
रविवार, रात्र

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

काल दार तू आपटलं नाहीस, वाऱ्यानं आपटलं, असं मी आईला दोनदा सांगितलं. तिनं दोन्ही वेळा मान हलवली. पण चपला घालताना तू "येते" नाही म्हणालीस, "जाते" म्हणालीस. एवढ्या वर्षांत या घरातून कुणी "जाते" म्हणून बाहेर पडलेलं नाही. आत्या तर भांडून निघाली तेव्हासुद्धा "येते" म्हणाली होती आणि मग तीन वर्षं आली नाही. असो. पुण्याला पोचल्याचा तुझा मेसेज आईला आला, मला नाही. तो मी तिच्या मोबाईलवर वाचला.

फोन केला असता तर आपण पुन्हा मायनरवरच, म्हणजे भूविज्ञानाच्या पदवीला जोडविषय कुठला घ्यायचा यावरच आलो असतो, म्हणून लिहितोय. या पत्रात गणिताचं नाव काढायचं नाही असं ठरवून बसलोय.

तू मागे सगळं समजावून सांगितलं होतंस ते मी वजनकाट्याच्या जुन्या डायरीत मागच्या पानावर उतरवून ठेवलंय. तीन वर्षांच्या पदवीला किमान १२० क्रेडिट, चौथं वर्ष केलं तर १६०. संशोधनाची ऑनर्स हवी तर पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के. आधी खनिजं आणि स्फटिक, मग खडक, जीवाश्म, थर, घड्या आणि भ्रंश. दगडाचा काप घासून ०.०३ मिलिमीटरवर आणायचा, म्हणजे काळ्या फत्तरातूनसुद्धा उजेड आरपार जातो. हे मला खरं वाटलं नव्हतं. २६ वर्षं मी तुर्भ्याच्या खाणीवर काट्याला बसलो. डबर, खडी, ग्रीट, कच, सगळं डोळ्यांखालून गेलं. दगडातून उजेड जातो हे सांगायला घरात तूच जन्माला यावी लागलीस.

आमचा हिशोब ब्रासचा, म्हणजे शंभर घनफुटांचा. गाडी १४ फूट लांब, ७ फूट रुंद, माल ३ फूट, म्हणजे २९४ घनफूट, तीन ब्रासला सहा घनफूट कमी. हे मी ड्रायव्हर खाली उतरायच्या आत सांगायचो. तू अकरावीत आलीस आणि म्हणालीस, बाबा, तुम्ही सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा विकता. मी म्हटलं, पावती आजच्याच तारखेची असते. तू हसलीस. आई म्हणाली, दोघं दगडच आहात.

तर सांगायचं हे की हिशोब तुझ्या रक्तात आहे. पहिल्या सेमिस्टरला कॅल्क्युलसमध्ये एटीकेटी लागली म्हणून तो नाहीसा होत नाही. झालं, काढलंच नाव. आता काढलंय तर पुरतं बोलतो.

मायनर म्हणून भूगोल घेतेस, त्यात संगणकावर नकाशे करायचं जीआयएस आहे, उपग्रहाची चित्रं आहेत, त्याला नोकऱ्या आहेत. हे सगळं तू बरोबर सांगितलंस. तेव्हा मी आवाज चढवला, कारण मला उत्तर सुचेना. पण नंतर मी बसून जाहिराती वाचल्या. यूपीएससीची भूवैज्ञानिकांची परीक्षा नुसत्या बीएस्सीवर देता येत नाही, तिथे मास्टर्स लागते. भूभौतिकीच्या, म्हणजे पृथ्वीच्या फिजिक्सच्या, जागेला तर एमएस्सी फिजिक्सवालेही चालतात, म्हणजे उद्या तुझी स्पर्धा त्यांच्याशी. गेटच्या प्रवेश परीक्षेला भूविज्ञान आणि भूभौतिकी मिळून एकच पेपर आहे. पहिला भाग सगळ्यांना, दुसऱ्यात दोघांतलं एक निवडायचं. तुझ्या हातात आज दोन्ही दारं आहेत. भूगोल घेतलास तर भूविज्ञानाचं दार उघडंच राहील, पण दुसऱ्याला कडी लागेल. कारण पलीकडे गुरुत्व, चुंबकत्व, विजेचा प्रवाह, भूकंपाच्या लहरी आहेत, आणि या सगळ्यांची बोली समीकरणांची. डिफरन्शियल इक्वेशन आणि ते फूरिए का काय, त्याशिवाय तिथे कुणी पाणीही विचारत नाही.

हे लेक्चर झालं. माफ कर. नंदूमामा म्हणतो तसं मला काट्यावरचा माईक अजून हातात असल्यासारखं वाटतं.

एक आठवतं. वरच्या वस्तीतल्या लोकांनी तक्रार केली होती की सुरुंगांनी भिंतींना तडे जातात. तेव्हा एक साहेब आला. त्यानं जमिनीवर एक डबा रोवला, वायर ओढली आणि छत्री उघडून खाली बसला. सुरुंग उडाला. आम्ही सगळे कान दाबून उभे, तो मात्र पडद्याकडे बघत होता. जमीन सेकंदाला किती मिलिमीटर वेगानं हलली ते त्यानं कागदावर लिहिलं, चहा घेतला आणि गेला. त्याच्या बुटाला धूळसुद्धा नव्हती. तू भूभौतिकी हा शब्द पहिल्यांदा उच्चारलास तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तो माणूस आला. तू छत्रीखाली बसलेली दिसलीस. कड्यापासून लांब.

हे तुला काल सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी "मुलीच्या जातीला" असलं काहीतरी बोललो. ते शब्द माझे नव्हते, माझ्या बापाचे होते. ते परत घेतो.

तू त्यावर काय म्हणालीस तेही आठवतं. भूभौतिकीवालेही उन्हातच असतात. लोखंडी पाटीवर घणाचे घाव घालायचे आणि ओळीनं रोवलेल्या जिओफोननी लहर किती वेळात पोचली ते टिपायचं. नाहीतर चार सळया जमिनीत ठोकायच्या, बाहेरच्या दोनांतून वीज सोडायची, आतल्या दोनांवर व्होल्टेज मोजायचं. मी म्हटलं, घण तर आमच्याकडेही होता. पण सळयांची गोष्ट मला पटली. गावाला काकानं पाणाड्याच्या हातातला नारळ उभा राहिला म्हणून तीन बोअर मारल्या. तिन्ही कोरड्या गेल्या आणि पाणाड्या दक्षिणा घेऊन गेला. काळ्या दगडात पाणी असतं ते भेगांत आणि कुजलेल्या थरात, हे तू सांगितलंस तेव्हा काका ऐकून उठून गेला. राग तुझा नव्हता, पैशांचा होता.

आजी मडकं घेताना बोटानं वाजवून बघायची. चीर डोळ्यांना दिसत नाही, आवाजात दिसते, म्हणायची. मला वाटतं तुझं ते शास्त्र म्हणजे पृथ्वीला वाजवून बघणंच. मग आवाजाचा अर्थ लावायला गणित लागतं, एवढंच. बघ, पुन्हा.

आजीचा विषय निघालाच आहे. ११ डिसेंबर १९६७ ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा मी तिच्या पोटात होतो. पहाटेची वेळ. थोरल्या काकाला कडेवर घेऊन ती अंगणात आली आणि मागे माजघराची भिंत बसली. पुढे जन्मभर ती उंबऱ्याजवळ झोपली. इथे नवी मुंबईत आल्यावरसुद्धा, सिडकोच्या घराला धड उंबरा नाही तरी दाराजवळच अंथरूण. तू तिच्या कुशीत झोपायचीस. धरणाच्या पाण्याचा आणि त्या हादऱ्यांचा संबंध आहे असं ती सांगायची तेव्हा आम्ही अडाणी बाईचं बोलणं म्हणून सोडून द्यायचो. मग तू पुस्तकातून वाचून दाखवलंस की जगभरचे शास्त्रज्ञ त्यासाठी कोयनेचंच नाव घेतात. तेव्हा ती जायला सहा महिने उरले होते. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "मग मी काय म्हणत होते?"

आणि आता कोयनेजवळच त्याच भूकंपांच्या अभ्यासासाठी तीन किलोमीटर खोल भोक पाडलंय. आपल्या पाटणपासून असं कितीसं लांब आहे ते! वरचा काळा दगड संपून खालचा ग्रॅनाइटसारखा जुना खडक लागेपर्यंत आणि त्याच्याही खाली. तू तिथे काम करावंस असं मी कधी म्हटलं नाही. मनात मात्र कितीदा आलं.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी आईला दळण आणतो सांगून बाहेर पडलो आणि पनवेलला गेलो. नवीन पनवेलला भूचुंबकत्व संस्था आहे ती बघायला. आत कोण सोडणार? फाटकाबाहेरून पाटी वाचली आणि आलो. कुलाब्याची जुनी वेधशाळा मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून १९०४ मध्ये अलिबागला हलवली, कारण विजेनं चुंबकाची सुई बिथरते, हे तूच मला रेवदंड्याच्या एसटीत सांगितलं होतंस. तेव्हा तू दहावीत होतीस आणि उलटी होऊ नये म्हणून लिंबू हुंगत होतीस. फाटकापाशी उभं राहून मला ते लिंबूच आठवलं. पीठ आणायचं राहिलं. आईला अजून कळलेलं नाही, तू सांगू नकोस.

मनू, एक गोष्ट लिहू की नको असं चाललंय.

तू चौथीत असताना मी आठवडाभर कामाला गेलो नव्हतो. तुला तापाचं सांगितलं होतं. ताप नव्हता. पावसाळा नुकताच संपला होता. आदल्या दिवशी सुरुंग झाला होता आणि सुटे दगड पाडून घ्यायचे राहिले होते. ड्रिलवाल्याच्या हाताखाली एक पोरगा होता, २२ वर्षांचा, यवतमाळकडचा. तो चहाचा कप घेऊन कड्याच्या सावलीत बसला, कारण दुसरीकडे कुठे सावली नव्हती. जुने लोक म्हणायचे, दरड आधी बोलते, बारीक खडे ओघळतात. त्या दिवशी बोललीही असेल. क्रशर चालू होता. नंतर ज्या गाडीतून त्याला नेलं तिचा नंबर मी सवयीनं रजिस्टरमध्ये लिहिला आणि मालाच्या रकान्यापाशी हात थांबला. मालकानं दुसऱ्या दिवशी काटा चालू केला. मी गेलो नाही, पण आठव्या दिवशी गेलो. तुझ्या शाळेची फी होती.

म्हणून फील्ड ट्रिपचं संमतिपत्र टेबलावर बघितलं की माझं डोकं चालत नाही. २०२३ च्या जुलैत इर्शाळवाडीवर दरड आली तेव्हा मी रात्रभर टीव्हीसमोर होतो. तू म्हणालीस, बाबा, अशा वाड्यांच्या वरचा उतार आधी कोणीतरी जाऊन बघायला हवा, तेच आम्ही शिकतो. बरोबर आहे. तो कोणीतरी माझी मुलगी कशाला, असं मला वाटतं. हे चूक आहे, मला कळतं. तरी वाटतं. आणि म्हणून मी गणित गणित करत बसतो. गणित घेतलंस तर तू छत्रीखाली असशील, असं काहीतरी माझ्या डोक्यात बसलंय.

फील्डशिवाय ही पदवी नाही, हेही समजलंय. कंपास कड्याला लावून थर कुठल्या दिशेला किती अंशांनी कलला आहे ते स्वतः मोजल्याशिवाय नकाशा काढता येत नाही. गिल्बर्ट हिलला तू मला नेलंस तेव्हा मी ते उभे खांब बघून म्हटलं, हे कुणी तासले? तू म्हणालीस, कुणी नाही, लाव्हा थंड होताना आकसला आणि तडकला, तळ्यातला गाळ वाळून तडकतो तसा. आजूबाजूची माणसं तुझं ऐकायला थांबली होती. एका आजोबांनी मला विचारलं, टीचर आहेत का? मी म्हटलं, माझी मुलगी आहे. त्या दिवशी मी अंधेरीपासून घरापर्यंत उभा आलो आणि पाय दुखले नाहीत.

श्रीखंडाच्या डब्यातली तुझी गारगोटी मी माळ्यावरून काढली. खाणीत पोकळीत सापडलेली, पांढरी, पंख्यासारखी. तू म्हणायचीस, गारगोटी नव्हे बाबा, गारगोटी सुरीला दाद देत नाही, ही ओरखडते, ही स्टिल्बाइट. मी आज सुरी लावून बघितली. ओरखडली. आता त्यावर एक चरा आहे, रागावू नकोस.

सोबत आईनं चिवडा दिलाय, दोन डबे. एक तुझ्या रूममेटचा, तिला शेंगदाणे चालत नाहीत म्हणून वेगळा. माझं पिवळं हेल्मेट ठेवलंय. आतला पट्टा नवीन बसवलाय, हनुवटीखाली घट्ट येतो का बघ. कॉलेजवाले देत असतील, तरी हेच घाल. आणि कड्याच्या सावलीत जेवायला बसायचं नाही, सर म्हणाले तरी नाही. उन्हात बस.

संमतिपत्रावर सही केली आहे. तारीख कालची घातली आहे, तू असतानाची. तातडीच्या संपर्काला माझा नंबर दिलाय, आईचा नाही. ती मोबाईल पिठाच्या डब्यावर ठेवून विसरते. माझा रात्री चालू असतो.

तुझा,
बाबा

ता. क. मायनर बदलायची मुदत शुक्रवारपर्यंत आहे असं तू म्हणाली होतीस. काय भरायचं ते भर. एटीकेटीच्या पेपरला कुणी शिकवणारं हवं असेल तर फी किती ते आईला नको, मला कळव.