विसावा खोली चालू राहावी म्हणून : सभासद, हितचिंतक आणि समस्त सांगलीकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

अपंग मुलांना सांभाळून त्यांच्या आयांना चार तास उसंत देणारी, दर शनिवारी दुपारी २ ते ६ चालणारी आपली विसावा खोली गेले दोन शनिवार बंद आहे, हे एव्हाना कानावर आले असेलच. "कायमची बंद केली का हो?" असे विचारणारे बारा फोन आले, बाराही आयांचे. म्हणून हे घाईने लिहायला बसले आहे. शेजारी आमचे चिरंजीव पेनांची टोपणे रांगेत लावत आहेत, तेव्हा चूकभूल द्यावी घ्यावी.

आधी ज्यांनी हे उभे केले त्यांच्याविषयी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि गावभागातली आपली जुनी जागा बुडाली. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे हालचालींवर ताबा नसणे) असलेल्या मुलांच्या लाकडी खुर्च्या फुगून उकलल्या, रजिस्टरांचा लगदा झाला. तेव्हा मार्केट यार्डातल्या आपल्या शेठजींनी हळदीच्या गोदामाची पुढची खोली उघडून दिली. "भाड्याचं नंतर बघू," म्हणाले, आणि ते 'नंतर' त्यांनी हयातीत कधी येऊ दिले नाही. पूर्वी पोत्यांचा काटा जिथे टांगत, त्याच तुळईला मिस्त्रीकाकांनी झोपाळा बसवला. खुर्च्याही त्यांनीच नव्या केल्या. मजुरी विचारली तर चहा मागितला. निवृत्त शिक्षिका असलेल्या आपल्या आजी चार वर्षे एकही शनिवार न चुकवता आल्या. आता गुडघे ऐकत नाहीत, तरी फोनवर मुलांची नावे घेऊन चौकशी करतात. आजही तिथून घरी आलेल्या मुलाच्या शर्टाला हळदीचा वास येतो. या सगळ्यांचे आभार मानायला वार्षिक सभा घेतली होती. हजर अकरा. असो.

शेठजी मागच्या वर्षी गेले. त्यांच्या मुलांनी आता भाडे मागितले आहे. त्यात त्यांचे काही चुकले असे आम्ही म्हणत नाही. इतकी वर्षे फुकट वापरली हेच जास्त.

"मुलं शाळेत जातात, मग ही खोली कशाला?" असे अजूनही विचारले जाते. विशेष शाळा अठराव्या वर्षी संपते. पुढे अपंगांना काम शिकवणाऱ्या कार्यशाळेत जागा मिळाली तर मिळाली, नाहीतर मूल घरी, आणि त्याच्याबरोबर आईही घरी. २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे प्रकार ७ चे २१ झाले, स्वमग्न (ऑटिझम असलेल्या) मुलांनाही प्रमाणपत्र मिळू लागले, हे चांगलेच झाले. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या 'निरामय' आरोग्यविम्यात वर्षाला १ लाखापर्यंत उपचारखर्च मिळतो. त्याचे फॉर्म आपण भरून देतोच. पण तो मुलाच्या औषधपाण्यासाठी. रात्री तीनदा उठणाऱ्या आईला दुपारी डोळा लावायला त्यात कलम नाही.

आपल्याकडच्या कित्येक घरांत लग्नाला नवरा-बायको पाळीने जातात. एकाने अक्षता टाकून घरी यायचे, मग दुसऱ्याने जेवायला जायचे. आमच्याही घरी तेच. खोली सुरू झाली त्या पहिल्या शनिवारी एक आई मुलाला आत सोडून बाहेरच्या बाकावर टेकली ती पर्ससकट झोपली. सहाला हलवून उठवले, तर "कुठे गेला?" म्हणून किंचाळलीच. तो आत झोपाळ्यावर होता, खुशीत. पुढच्या शनिवारी ती बाकावर थांबली नाही, बहिणीकडे जाऊन आली.

थोडे कडू बोलते. मागच्या आवाहनाची दीडशे पत्रके वाटली. हाती आली एक देणगी आणि एक सल्ला : "अशा मुलांना होस्टेलला का ठेवत नाही?" वाढदिवसाला केक घेऊन येणारे पुष्कळ. फुगे लावतात, फोटो काढतात, वीस मिनिटांत जातात. एखादा फुगा फुटला की आमची निम्मी मुले कान दाबून कोपऱ्यात, आणि मग संध्याकाळपर्यंत त्यांना शांत करणे आमच्याकडे. शनिवारची एक अख्खी दुपार मात्र कोणी देत नाही.

तपशील : भाडे महिना ६,०००, म्हणजे वर्षाचे ७२,०००, दोन प्रशिक्षित ताईंचे मानधन प्रत्येकी दर शनिवारी ६००, म्हणजे ५२ शनिवारांचे ६२,४००, अनामत ३०,०००, एकूण १,६४,४००. शिल्लक ४१,४००. हवेत १,२३,०००, महिनाअखेरपर्यंत. तोवर थांबू, असे शेठजींच्या मुलांनी कबूल केले आहे. एका शनिवारचा खर्च साधारण २,६००; तेवढा उचलला तरी चालेल. खाते क्रमांक पावतीपुस्तकाच्या मागे व कार्यालयाच्या फलकावर आहे. ८०जी (देणगीवरची आयकर सवलत) आहे, पण रोख २,००० पेक्षा जास्त दिल्यास सवलत मिळत नाही, म्हणून चेक द्यावा. वेळ देणाऱ्यांनी महिन्यातले दोन शनिवार धरावेत. आधी दोनदा ताईंबरोबर नुसते बसायचे. फिट आल्यास काय करायचे ते त्या दाखवतील. दाट अत्तर लावून येऊ नये. डायपर (मोठा साइज) व जुनी सतरंजी चालेल. जुने कपडे कृपया आणू नयेत, कपाट भरले आहे.

आपली,
सचिव, पालक मंडळ

ता. क. : केक चालेल. फुगे नकोत.