रक्ताचा दाखला कुठून आणायचा?

मा. संपादक, नमस्कार.

मागच्या रविवारी एका वाचकाने लिहिलंय की कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे आमचा मराठी बोलणारा ज्यू समाज, मूळचे इथलेच तेली, कधीतरी धर्म बदललेले, खरे ज्यू नव्हेतच. दोन दिवस डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय. मी त्याच समाजातली, ठाण्यात राहते, आजोळ अलिबागजवळ.

आमच्यात सांगतात की नवगावच्या किनाऱ्याला जहाज फुटलं आणि सात जोडपी वाचली. याचा कागद कोणाकडेच नाही. पोथ्या गेल्या, हिब्रू गेली, उरलं काय तर शेमाची, म्हणजे देव एकच आहे असं म्हणणारी प्रार्थना, मुलाची सुंता आणि शनिवार हा ज्यूंचा विश्रांतीचा वार म्हणून त्या दिवशी घाणा बंद, म्हणून गावाने नाव ठेवलं शनवार तेली. गिऱ्हाईक दारात उभं असताना बैल सोडून ठेवायचा, ते पण पिढ्यानपिढ्या आणि बघायला कोणी रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, नसताना, हा पुरावा नाही तर काय आहे?

इस्राएलमध्येही आमच्या लोकांना हेच ऐकावं लागलं. जगभरच्या ज्यूंना तिथे येऊ देणाऱ्या १९५० च्या कायद्याने ज्यू म्हणून गेले, नागरिक झाले, पण लग्न लावायचं म्हटल्यावर मुख्य रब्बींचा हुकूम आला की आधी आई, आजी आणि जमेल तितकं मागचं तपासा. १९६४ ला आमची माणसं बायकामुलांसकट जेरुसलेमला धरणं धरून बसली, विषय संसदेत गेला, तेव्हा कुठे त्या हुकमातून आमचं नाव निघालं.

आता डीएनएचं म्हणाल तर आमच्यात मध्यपूर्वेचं पण निघालंय आणि इथलं पण, आणि इथलं जास्त करून आईकडून. म्हणजे ज्या आईवरून आमचं शास्त्र ज्यू कोण ते ठरवतं, तीच बाजू बरीचशी कोकणची. मला याची जराही लाज नाही, कारण त्या कोकणच्या पणज्यांनीच शनिवारचं जेवण शुक्रवारी रांधून ठेवलं, नाहीतर आम्ही कधीच विसरून गेलो असतो.

आणि धर्म घेतलेला माणूस कमी कसा? आमच्या धर्मग्रंथातली रूथ मवाबी, म्हणजे परक्या लोकांतली होती, सासूला म्हणाली तुझे लोक ते माझे लोक, तुझा देव तो माझा देव, आणि दावीद राजा तिचाच पणतू. धर्मात आलेल्याला त्याचं मागचं काढून बोलू नये असं आमच्या शास्त्रातच आहे. पण आम्ही तरी कुठे पाळलं? आई बाहेरची असली की पोरं काळे इस्राएल, बाकीचे गोरे, त्यांच्यात सोयरीक होत नसे. आजीच्या तोंडून हे शब्द मी स्वतः ऐकलेत, आज आठवलं तरी वाईट वाटतं.

माझी वहिनी मराठा घरातली, रीतसर धर्म घेऊन आलेली. मलिद्याच्या, म्हणजे आमच्या नवसाच्या नि आभाराच्या प्रसादाच्या दिवशी पोहे तीच भिजवते, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, वर फळं रचून ताट एलियाहू हन्नबी या आमच्या प्रेषिताच्या नावाने ठेवते. आमच्या घरात तिला कोणी काही विचारत नाही आणि मी विचारूही देणार नाही.

- एक वाचक, ठाणे