क्वार्टरबॅक आणि पिलबाग

संपादक महोदय, स. न.

सुपर बोलची, म्हणजे अमेरिकी फुटबॉलच्या अंतिम सामन्याची, बातमी आपण दोन ओळींत उरकली, त्यातली दीड मध्यंतरातल्या गाण्यांवर! मुलगा कॅन्सस सिटीत नोकरीला, म्हणून मी हा अमेरिकी फुटबॉल पाहतो. सोमवारी पहाटे पाचला सामना, तोच केळीची गाडी भरायला मजूर दारात.

या खेळात सगळी मदार क्वार्टरबॅकवर, म्हणजे चेंडू फेकून हल्ला चालवणाऱ्या खेळाडूवर. तो मिळवायचा कसा, यावर आम्हा बापलेकांचे फोनवर वाजते. मुलगा म्हणतो, पैसा ओता, तयार माणूस आणा. क्लीव्हलंडच्या संघाने २०२२ मध्ये तेच केले. डेशॉन वॉटसनसाठी पहिल्या फेरीच्या तीन निवडी (दरवर्षी संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात, त्यातल्या पाळ्या) दुसऱ्या संघाला दिल्या, वर त्याला २३ कोटी डॉलरच्या पगाराची हमी. पदरात पडले काय? आधी ११ सामन्यांची बंदी, मग खांद्याची दुखापत, मग टाचेची.

मी पिलबागवाला, म्हणजे जुन्या केळीच्या बुंध्याशी फुटलेल्या पिलावर पुढचे पीक घेणारा. मूळ झाडाचा घड उतरेपर्यंत पिलाने दम धरायचा असतो. ग्रीन बेच्या संघाने २००५ मध्ये २४व्या क्रमांकावर ॲरन रॉजर्स घेतला आणि तीन वर्षे जुन्या क्वार्टरबॅकच्या, ब्रेट फार्व्हच्या सावलीत ठेवला. कॅन्सस सिटीने २०१७ मध्ये जादा निवडी देऊन २७वरून १०व्या क्रमांकावर चढून पॅट्रिक महोम्स उचलला. त्यालाही पहिला हंगाम जवळजवळ बाकावरच. पील मात्र जोमदार निवडावे लागते, तिथे किंमत मोजावीच.

सर्वांत यशस्वी क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी १९९वा निवडला गेला होता, हे मुलाचे हुकमी पान. अहो, तो मटका! मटक्याच्या भरवशावर कोणी बाग लावतो का?

पुढच्या फेब्रुवारीत कोणाचा क्वार्टरबॅक कुठून आला, एवढे तरी छापा.

– एक केळी उत्पादक, ता. रावेर, जि. जळगाव