६०० फूट फिल्म धुवायची आहे, बेळगावकरांनो हातभार लावा

नमस्कार मंडळी,

टिळकवाडीतल्या आपल्या वाचनालयाच्या पोरापोरींनी खानापूरच्या कुंभारकामावर एक छोटा माहितीपट केलाय आणि तो मोबाईलवर नाही, खऱ्या फिल्मवर, १६ एमएमच्या ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्हवर. शूटिंग पूर्ण झालंय. १०० फुटांचे सहा डबे वाचनालयाच्या फ्रिजमध्ये आहेत, ते लॅबला पाठवून धुवून घ्यायचे, स्कॅन करायचे, तेवढे पैसे आमच्याकडे नाहीत म्हणून हे आवाहन.

खिशात फोन असताना हा खर्च कशाला, असं बरेच जण विचारतात. बरोबर आहे, विचारायलाच पाहिजे. १०० फुटांचा रोल सेकंदाला २४ फ्रेमनं चालवला की पावणेतीन मिनिटांत संपतो, आणि कॅमेरा चावी देऊन स्प्रिंगवर चालणारा, बोलेक्स कंपनीचा आहे (एका निवृत्त प्राध्यापकांनी विश्वासानं वापरायला दिलाय), त्याला पूर्ण चावी दिली की साधारण २८ सेकंद चालतो आणि थांबतो. काय घेतलंय ते लगेच बघता येत नाही, डिलीट करता येत नाही. त्यामुळे बटण दाबायच्या आधी सगळं बोलून ठरवावं लागतं, आणि आमची पीयूसीची (अकरावी-बारावीची) पोरं, निम्मी मराठी मीडियमची निम्मी कन्नड, एकमेकांशी धड बोलत नव्हती ती फरशीवर खडूनं शॉट काढून तासन् तास वाद घालायला लागली. कुठला शॉट ठेवायचा, कुठला सोडायचा, का सोडायचा. आमच्या मते खरं शिक्षण तिथं झालं.

एक प्रसंग सांगतो. चाकावर मडकं ओढून वर घ्यायला २८ सेकंदांपेक्षा जास्त वेळ लागतो, मग सुरुवात कुठून पकडायची? पोरं दोन दिवस कॅमेरा न काढता नुसती कुंभारमामांच्या शेजारी बसून बघत होती, मामा हात कधी भिजवतात, माती कधी वर येते, दोऱ्यानं मडकं कधी कापतात. एकजण पुटपुटत आकडे मोजायचा, एकीच्या हातात वही, त्यात प्रत्येक शॉटचे फूट, अ‍ॅपर्चर (लेन्सचं भोक किती उघडं ते), लाइट मीटरचं (उजेड मोजायच्या यंत्राचं) रीडिंग. शेडमध्ये उजेड कमी, म्हणून मीटर मामांच्या हाताजवळ नेऊन रीडिंग घ्यायचं. शेवटी शेवटी मामाच चाक फिरवायच्या आधी विचारायचे, "चावी दिलीस काय रे?" हा कॅमेरा चालताना आवाज करतो आणि त्यात आवाज रेकॉर्डही होत नाही, म्हणून मामांचं बोलणं फोनवर वेगळं घेतलंय, अर्धं मराठी अर्धं कन्नड जसं आलं तसं. स्प्रिंगच्या कॅमेऱ्याचा वेग थोडा इकडंतिकडं होतो, ओठ आणि आवाज जुळवणं अवघड, म्हणून फिल्मवर हात आणि माती, आणि वर मामांचा आवाज. हे पोरांनीच सुचवलं.

एका रोलच्या टोकाचा तुकडा कापून शहरातल्या एका जुन्या फोटोग्राफर काकांच्या डार्करूममध्ये धुवून बघितला. दोरीला चिमट्यानं लटकवून वाळवला आणि खिडकीशी धरून भिंगातून सगळ्यांनी बघितला, निगेटिव्हवर काळं-पांढरं उलटं दिसतं, म्हणून बाहेरचं आभाळ काळंकुट्ट आणि चाकावरची काळपट ओली माती उजळ. त्यावेळी पोरांचे चेहरे बघायला पाहिजे होते तुम्ही! पण सगळे रोल हातानं धुवायची जोखीम घ्यायची नाही असं ठरलंय, ओरखडे पडले, डेव्हलपर (फिल्म धुवायचं रसायन) कमीजास्त लागला तर परत तो दिवस येणार नाही.

घाई एवढ्यासाठी की एक्स्पोज झालेली फिल्म जास्त दिवस ठेवली तर चित्र हळूहळू फिकं होतं, उष्णता आणि दमट हवेत आणखी लवकर. डबे हवाबंद आहेत, फ्रिजमध्ये आहेत, तरी आपल्याकडचा पाऊस सुरू व्हायच्या आत लॅबला पोचायला हवेत. विमानतळावरच्या एक्स-रेची भीती आहे म्हणून आमचाच माणूस रेल्वेनं हातात घेऊन जाणार.

इथून जवळच कोल्हापुरात बाबुराव पेंटरांनी स्वतः कॅमेरा बनवला, १९२९ ला तिथंच प्रभात फिल्म कंपनी सुरू झाली. म्हणजे हे काम आपल्या भागाला काही परकं नाही, आणि आपल्या पोरांना ते पुस्तकात वाचूनच कळावं असं आम्हाला वाटत नाही.

तर मदत फुटाच्या हिशोबानं करा. एका फुटात ४० फ्रेम, पडद्यावर पावणेदोन सेकंदांच्या आसपास. लॅबचं कोटेशन आणि त्यावरून काढलेला एका फुटाचा खर्च वाचनालयाच्या फळ्यावर लावलाय, कुणीही येऊन बघा, शंका असेल तर विचारा की. एक फूट घ्या, दहा घ्या, गल्लीतल्या मंडळानं मिळून अख्खा डबा घेतला तर फारच छान. रोख किंवा काउंटरवरच्या क्यूआरवर, संध्याकाळी वाचनालय उघडं असतं तेव्हा, पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. माहितीपटाच्या शेवटी सगळ्यांची नावं येतील, मराठीत पाहिजे का कन्नडमध्ये ते पावती करतानाच सांगा. पैसे उरले तर त्यातून पुढच्या बॅचसाठी फिल्म घेऊ आणि सगळा हिशोब त्याच फळ्यावर लागेल.

पैसे जमत नसतील तरी चालतंय. पूर्वी शाळांत, कारखान्यांत १६ एमएमचे प्रोजेक्टर असायचे, कुणाच्या माळ्यावर असा एखादा पडून असेल, बंद असला तरी, किंवा स्प्लायसर (फिल्मचे तुकडे जोडायचं यंत्र), रिकामे स्पूल (फिल्म गुंडाळायच्या चकत्या), चेंजिंग बॅग (उजेड न लागता फिल्म हाताळायची काळी पिशवी), डार्करूमच्या ट्रे असतील तर कळवा. प्रोजेक्टर जड असतो, तुम्ही उचलून आणू नका, आमची पोरं टेम्पो घेऊन येतील.