शिकलेली माणसं कशी अडकतात?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

एखाद्या बाबाला अटक झाल्याची बातमी आली की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं : ‘एवढी शिकलेली माणसं, त्यांना कळू नये?’ हे वाक्य मला फार लागतं. माझी धाकटी बहीण एम.एस्सी. आहे. तिची पाच वर्षं अशाच एका समूहात गेली.

ती तिथे गेली ती पाठदुखीसाठी, योगवर्गाला. जपानमधला ओम शिनरिक्यो पंथही १९८४ साली टोकियोत योगवर्ग म्हणूनच सुरू झाला होता. २० मार्च १९९५ रोजी त्याच पंथाच्या लोकांनी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सरीन हे जहाल विष सोडलं. छत्रीच्या अणकुचीदार टोकांनी विषाच्या पिशव्या फोडणाऱ्या पाच जणांत एक हृदयशल्यविशारद होता, बाकीचेही विज्ञान-तंत्रज्ञान शिकलेले. पहिल्या दिवशी त्यांना कुणी विष दाखवलं नव्हतं, आसनं शिकवली होती.

अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ रॉबर्ट लिफ्टन यांनी चीनमधल्या कम्युनिस्ट राजवटीच्या सक्तीच्या ‘विचार-सुधारणे’तून सुटून आलेल्यांशी हाँगकाँगमध्ये बोलून १९६१ साली मनावरच्या अशा पकडीच्या आठ खुणा मांडल्या. त्यातली एक भाषेची आहे : प्रत्येक प्रश्नाचं तोंड बंद करणारा तयार शब्द. आमच्याकडे तो शब्द होता ‘अहंकार’. दिवाळीला येतेस ना, एवढंच आईने फोनवर विचारलं, तर बहीण म्हणाली, ‘आई, हा तुझा अहंकार बोलतोय.’ आई बराच वेळ रिसीव्हर हातात धरून बसली होती.

आपल्याकडे २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे आणि तो हवाच, त्याच्यासाठी डॉ. दाभोलकरांनी आयुष्य वेचलं. पण झोप, पगार आणि माहेर एकेक करून सोडायला लावणं त्याच्या कोणत्या कलमात बसवणार? माझा भक्तीला विरोध नाही. आमचे आजोबा माळकरी होते. वारीला जायचे, विठ्ठलाशी भांडायचे आणि घरी परत यायचे. बहिणीच्या समूहात भांडण पाप होतं आणि घरी परतणं म्हणजे अधोगती.

चूक आमचीही झाली. पहिली दोन वर्षं आम्ही तिची टर उडवली. ‘घरचे हसतील’ असं तिला तिथे आधीच सांगून ठेवलेलं होतं, ते आम्ही खरं करून दाखवलं. आईने मात्र दर रविवारचा फोन चुकवला नाही. समूहाचा विषय काढायची नाही. तिच्या भाचीची शाळा, भाजीचे भाव, शेजारच्यांचं लग्न, एवढंच. एका पहाटे बहिणीचाच फोन आला, एसटी स्टँडवरून : ‘घरी आले तर चालेल का?’

आपल्याला विनंती आहे की अशा बातमीसोबत घरच्यांनी काय करावं, काय बोलू नये, हे एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाकडून लिहून घ्यावं. आम्हाला तेव्हा विचारायला कुणी नव्हतं.

– एक वाचक, मिरज
(बहिणीसाठी नाव छापू नये, ही विनंती.)