व्याख्यानांचे चित्रीकरण आणि हरवलेला आवाज

संपादक महोदय,

दादर, गिरगाव, पार्ले येथील अनेक संस्था आपल्या व्याख्यानांची चित्रीकरणे आता यूट्यूबवर ठेवतात. ज्यांना सभागृहाचे जिने चढवत नाहीत अशा ज्येष्ठांची यामुळे मोठी सोय झाली आहे. परंतु त्यांतील कितीतरी चित्रीकरणांत वक्त्याचा चेहरा लख्ख दिसतो, शब्द मात्र कळत नाही. नुकत्याच पाहिलेल्या एका चित्रीकरणात पंख्यांची घरघर आणि मागच्या रांगेतला खोकला स्पष्ट होता, वक्ते मात्र विहिरीतून बोलत असल्यासारखे वाटत होते.

कॅमेरा सभागृहाच्या टोकाला असतो आणि आवाजही त्याच्याच अंगच्या माइकवर टिपला जातो, हे याचे मुख्य कारण. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. सभागृहातला घुमारा मात्र पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत फारसा कमी होत नाही. म्हणून कॅमेरा कितीही भारी असला, तरी माइक वक्त्याजवळ नसेल तर उपयोग नाही. दुसऱ्या कॅमेऱ्याचे पैसे वाचवून एक चांगला कॉलर माइक घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो हनुवटीपासून वीतभर खाली, पदर किंवा उपरणे घासणार नाही अशा जागी आणि सत्कार उरकल्यावरच लावावा, कारण सत्काराची शाल खांद्यावर आली की माइक तिच्याखाली जातो आणि पुढचा तासभर सगळे बोलणे दबून येते.

काही ठिकाणी ध्वनिक्षेपकाच्या मिक्सरमधून थेट कॅमेऱ्यात तार जोडतात. मार्ग चांगला आहे. पण मिक्सरचा लाइन पातळीचा, म्हणजे माइकच्या संकेतापेक्षा बराच जोरकस, संकेत कॅमेऱ्याच्या माइकच्या खाचेत तसाच सोडला तर आवाज फाटतो, त्यामुळे तो आधी उतरवून घ्यावा लागतो. आवाजाची पातळी आपोआप ठरवणारी सोयही बंद ठेवावी. वक्ता क्षणभर थांबला की ती पंख्यांची घरघर वर खेचते. मोठ्यातला मोठा आवाज कॅमेऱ्याच्या आवाजमापकावर उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असे पाहावे आणि एका कार्यकर्त्याने शेवटपर्यंत हेडफोन लावून ऐकत बसावे.

प्रश्नोत्तरांत तर श्रोत्यांचे प्रश्न बहुधा ऐकूच येत नाहीत. त्यासाठी सभागृहात फिरवता येईल असा आणखी एक माइक ठेवावा आणि तो हाती येईपर्यंत प्रश्नकर्त्याने थांबावे, अशी विनंती सूत्रसंचालकांनी आधीच करावी.

– एक श्रोता, विलेपार्ले (पूर्व), मुंबई