दिल्या, इंजिन बंद पडलं

दिल्या,

शिव्या नंतर दे, आधी वाच. दिवाळीला फोन नाही, तुझ्या मेसेजना नुसता अंगठा, सगळं मान्य. तब्येत बरी, गोळ्या चालू, गुडघा कुरकुरतो. झालं.

शनिवारी जे झालं ते इथे टेक्ससमध्ये कोणाला सांगून उपयोग नाही म्हणून तुला लिहितोय. आपलं घरी बांधलेलं आरव्ही-७ विमान हँगरबाहेर बांधून ठेवलं होतं, चाकांना ठोकळे, शेपटीला दोर, आणि मोठ्या पॉवरवर रन चालला होता. माझदा गाडीचं १३बी रोटरी इंजिन मिनिटाला ६००० फेऱ्यांवर मस्त चाललेलं, प्रॉपेलर साधारण २१०० वर (आपला गिअरबॉक्स २.८५ पट फेऱ्या कमी करणारा, २.१७ चाच घे म्हणून तू किती भांडला होतास ते विसरलो नाहीये). तेल तापत होतं पण मर्यादेत, या इंजिनची तऱ्हाच ती, पिस्टनऐवजी फिरणारा तिकोनी रोटर आतून तेलानेच थंड होतो त्यामुळे रेडिएटरइतकंच ऑइल कूलरला जपावं लागतं. कूलरपर्यंत हवा नेणारा डक्ट मी पुन्हा बनवलाय, तोंड लहान आणि पुढे हळूहळू रुंद, म्हणजे हवा मंदावून दाब वाढतो, तो भाग जमलाय बहुतेक, खरं काय ते टेकऑफनंतर चढताना कळेल. तर हे सगळं बघत बसलोय आणि एकदम शांत. खोकला नाही, धडधड नाही. बटण दाबून मिक्सर बंद करावा तसं.

मेन बॅटरीचा कॉन्टॅक्टर, म्हणजे तिला सगळ्या वायरिंगशी जोडणारा विजेवरचा मोठा स्विच, सुटला. कॉइलची तार आतून तुटलेली, नवाकोरा माल! बॅटरी गेली म्हटल्यावर अल्टरनेटरने व्होल्टेज उडवलं, ओव्हरव्होल्टेजच्या सर्किटने त्यालाही बाहेर काढलं, खेळ खलास. दुसरा कॉन्टॅक्टर लावून स्टार्टर मारला तर पहिल्या फटक्यात चालू. इंजिनाला काहीच झालेलं नाही, आणि माझी झोप नेमकी त्यानेच उडालीये.

कारण इंजिनावर माझा विश्वास आहे रे. व्हॉल्व नाही, कॅम नाही, कनेक्टिंग रॉड नाही. अति तापलं तरी हाउसिंग अ‍ॅल्युमिनियमचं आणि रोटर लोखंडाचा, हाउसिंगच जास्त फुगणार, मग पिस्टनसारखं आत अडकून जाम व्हायची भीती कमी. एका रोटरची एपेक्स सील (टोकावरची पट्टी) गेली तरी दुसरा थोडाफार ओढतो. प्रत्येक रोटरला दोन प्लग तर माझदाने गाडीतच दिलेत. पण इंजेक्शन, इग्निशन, फ्युएल पंप सगळं विजेवर, आणि त्या विजेच्या तारा मी ओढलेल्या. शेजारच्या हँगरमधल्या आजोबांचं लायकमिंग ओ-३६०, विमानाचंच पिस्टन इंजिन, त्याचे ठिणगी देणारे मॅग्नेटो आपली वीज आपणच बनवतात, पंप इंजिनावरच, बॅटरी विहिरीत टाकली तरी ते फिरत राहील. आजोबा आले, वाकून बघितलं, म्हणाले, "इंजिन छान आहे, बाकीचं तू केलंयस." मनाने चांगला माणूस आहे, पण ते वाक्य काही केल्या जात नाही.

आता दुसरी बॅटरी टाकतोय, पंप दोन आहेतच, कॉम्प्युटर दोन. पण जिथे दोन्ही एकत्र येतात तो स्विच एकच! त्याला दुसरा लावला की त्या दोघांना जोडणारं पुन्हा काहीतरी एक. रात्री कागदावर रेघा मारत बसतो, शेवटी एक तार अशी उरतेच जी तुटली की सगळं गेलं. एफएएचा, म्हणजे इथल्या विमान खात्याचा, नियम तुला सांगितला होता, सर्टिफाइड इंजिन-प्रॉपेलर असेल तर २५ तास टेस्टिंग, आपल्यासारख्याला ४०, तेही ठरलेल्या भागात. ही म्हणते, ते १५ तास जास्त कशाला मागतात ते त्यांना माहीत असेल ना. पुढे बोलायला जागाच ठेवत नाही बाई.

आणि हो, सीलना तेल पुरवणारा मीटरिंग ऑइल पंप काढून टाकला. गाडीत तो इंजिनच्या तळातलं ऑइल आत सोडतो, इथे मी सरळ पेट्रोलमध्ये टू-स्ट्रोक ऑइल मिसळतो. मापट्याने ओतताना तुझी लुना आठवते. तिचा पिस्टन माझ्यामुळे धरला नव्हता, पंपावरच्या पोराने ऑइल कमी घातलं होतं, हे आज लेखी देतो, फ्रेम करून लाव.

२००९ मध्ये नगरच्या व्हीआरडीई या संरक्षण संशोधन संस्थेचं ५५ हॉर्सपॉवरचं व्हँकेल, म्हणजे रोटरीच, निशांत विमानात बसवून कोलारजवळ उडवलं तेव्हा तू नगरहून रात्री फोन करून ओरडला होतास, बघ, आपल्या नगरचं रोटरी उडालं! मी हिला परवा तेच ऐकवलं. ती म्हणाली, त्यात बसलेलं कोण होतं? आता बिनपायलटच्या विमानावर काय उत्तर देणार.

लायकमिंग घेता येईल, जुनं मिळतं, पैशाची ओढाताण होईल पण होईल. पण मग इंजिनवरचं झाकण, माउंट, सगळं नव्याने, आणि मला ते नकोच आहे. भीतीने नकोय की हट्टाने, एवढं मात्र ठरवता येत नाहीये, आणि तू हट्टच म्हणणार हे माहीत आहे.

प्राजूचं लग्न ठरलं हे हिच्याकडून कळलं, मला सांगायला काय झालं होतं? मुलगा काय करतो? वहिनींचा हात बरा ना. घराचा वरचा मजला झाला का, फोटो टाक.

आणि मुद्द्याचं: दोन बॅटऱ्या डायोडने (वीज एकाच दिशेने जाऊ देणारा) जोडू की सरळ वेगळ्या ठेवून हाताने बदलायचा स्विच देऊ? माझं मन डायोडकडे, पण तो गरम होतो आणि व्होल्टेज खातो. चित्र काढून पाठव. पेन्सिलने काढू नकोस, मागच्या वेळी फोटोत काही दिसलं नव्हतं.

तुझा,
बाळ्या